बी धरलं की कापणार

नोकरीतल्या पुष्कळ गोष्टी आता पुसट झाल्या. काही नावं आठवत नाहीत, काही चेहरे. धारगळच्या घरातली ती बंद खोली आणि तिच्यावरून उठलेलं प्रकरण मात्र कालच घडल्यासारखं लख्ख डोळ्यांपुढे आहे.

तेव्हा मी पेडणे तालुक्यात निरीक्षक होतो. मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि आसपासच्या गावांत खोल्यांना सोन्याचा भाव आला. लोकांनी गोठे पाडून खोल्या काढल्या. भाडेकरूंची माहिती पोलीस स्टेशनला द्यावी लागते, म्हणून खोल्या दाखवणारा एक दलाल कागद घेऊन आमच्याकडे नेहमी यायचा. बोलघेवडा माणूस. एकदा चहा पिता पिता तो कुरकुरला, "साहेब, हायवेपासून आत एक घर आसा. माडयेर खोली रिकामी, पण भाड्याक देयनत. आनी एसी मात्र दीसभर चालू!"

तो वैतागून बोलला होता, पण मी कान टवकारले. रिकाम्या खोलीला गारवा कोणासाठी? दोन दिवस साध्या वेशातला हवालदार त्या बाजूला फिरवला. खिडक्यांना आतून काळं कापड, आणि मागच्या बाजूला एक उग्र वास. हा वास किनाऱ्यावरच्या बंगल्यांत आम्ही अनेकदा घेतला होता. मिळालेली माहिती लेखी उतरवून वरिष्ठांना पाठवली, दोन पंच घेतले आणि सकाळीच घर गाठलं.

घरात तीन माणसं. हरमल जातीची मिरची पिकवणारा, साठी उलटलेला शेतकरी, त्याची एकुलती मुलगी, सातवा महिना लागलेली, आणि घरजावई. जावई मूळचा सिंधुदुर्गातला, सुर्ल्याच्या खाणीवर टिपर चालवायचा. खनिजाची वाहतूक थंडावली तसा टिपर विकून सासऱ्याकडे राहायला आला होता.

माडीवरचं कुलूप उघडलं. आत दिव्यांचा लखलखाट, पंखे आणि बादल्यांत गांजाची आठ-दहा रोपं, कमरेएवढी, शेंड्यांना गच्च फुलं. खालची पानं नीट छाटलेली. मी काही विचारण्याआधीच म्हातारा पुढे आला.

"ती झाडां माझी, साहेब. मीच लायलंय. जावयाक ह्यातला काय म्हायत नाय."

जावई भिंतीला टेकून जमिनीकडे बघत उभा. मुलीने दाराची चौकट घट्ट धरली होती. ती बापाकडेही बघेना आणि नवऱ्याकडेही.

दोघांनाही स्टेशनवर आणलं आणि वेगवेगळं बसवलं. माझा तरुण उपनिरीक्षक खूश होता. "सर, घर म्हाताऱ्याच्या नावावर, तो स्वतः कबूल करतोय. आणखी काय हवंय?"

पोलिसांसमोरची कबुली कोर्टात टिकत नाही, हे त्याला शिकवायची गरज नव्हती. पण म्हातारा घरमालक, खोली त्याची, आणि कोर्टातही तो हेच बोलला असता तर सुटका कठीण होती. गांजाच्या लागवडीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्या वयात दहा वर्षं म्हणजे माणूस परत येईल याची खात्री नाही.

मी म्हाताऱ्यापुढे खुर्ची ओढून बसलो. दरडावलो नाही. शेतकऱ्याशी शेतीचं बोलावं.

"काका, खालची पानं कशाला छाटलीत?"

"कीड लागली होती, म्हणान कापलंय."

एकाही पानावर किडीचा डाग नव्हता. वरचा उजेड खालपर्यंत पोचावा म्हणून गांजा पिकवणारे पानं विरळ करतात.

"बरं. आणि पीक काढणार कधी होता?"

म्हाताऱ्याला प्रश्न सोपा वाटला. तो पहिल्यांदाच सैल होऊन बोलला, "बी धरला काय कापतलंय. बी नाय तर फुडच्या वर्साक काय लावतलंय?"

उभ्या आयुष्यात त्याने मिरची, भात, चवळी हेच केलं. बियाणं राखल्याशिवाय पीक घ्यायचं, हे त्याच्या स्वप्नातही येणार नाही. आणि या धंद्यात नेमकं उलटं असतं. बी धरू दिलं की फुलाची किंमत गेली. हा माणूस त्या खोलीत पाणी घालायलासुद्धा गेला नव्हता, हे मला तिथेच कळून चुकलं.

"काका, का हो हे अंगावर घेताय?"

त्याने खांद्यावरच्या पंच्याचं टोक चोळलं. मग म्हणाला, "चेडवाचा पोर येवचा आसा. त्येका बापूस होयो. आजो नसलो तरी पोरां वाडतत."

मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. पण भरून आलं म्हणून तपास थांबवता येत नाही, आणि भलत्याच माणसाला आत टाकून तो संपवताही येत नाही.

शेजारच्या खोलीत जाऊन जावयापुढे चहा ठेवला. म्हटलं, "तुझे सासरे म्हणतात, बी धरल्यावर कापणार होते."

त्याने मान वर केली. "असां सांगल्यानी त्येंनी?"

"हो. लिहून घेऊ का तसंच?"

तो कपाकडे बघत राहिला. मग सावकाश म्हणाला, "बी धरूक दिला तर सगळो माल वाया, साहेब. त्येच्या आदीच कापूचा लागता." आणि थांबून, "त्येंका त्या खोलयेत मी कदी पाय घालूक दिलंय नाय. कुलूप माझां, झाडां माझी."

मग तो बोलतच सुटला. पहिलंच पीक. मोबाइलवर बघून शिकला. कापायचा दिवस काही ठरेना. "रोज भिंग घेवन फुलां तयार झाली काय बघी. आज कापूया, उद्या कापूया करत रवलंय. आदी कापला तर म्हयन्यांची म्हेनत फुकट, ही भीती." आठवडाभर आधी धीर केला असता, तर आम्हाला रिकाम्या बादल्या मिळाल्या असत्या.

पंचांसमोर त्याने स्वतः जागा दाखवली. माडाच्या मुळाशी पुरलेली छाटलेली पानं, कात्री, भिंग आणि निकामी दिवे निघाले. आरोपीने अशा दाखवून दिलेल्या वस्तू कोर्टात धरल्या जातात, म्हणून तसा निवेदन पंचनामा केला आणि म्हातारा संध्याकाळच्या आत घरी गेला. जप्तीच्या वेळी उपनिरीक्षक रोपं मुळांसकट काट्यावर ठेवायला निघाला होता. मी फुलं वेगळी आणि पानं-देठं वेगळी तोलायला लावली. कायदा फुलाच्या शेंड्यांना गांजा म्हणतो. पाल्याचं वजन त्यात घालून माणसाला मोठा व्यापारी करण्यात मर्दुमकी नाही. पुढे जावयाला जामीन मिळाला. खटला अजून चालू आहे, शिक्षा होईलही, आणि ती भोगायची त्याची तयारी आहे.

निवृत्तीनंतर एकदा त्या रस्त्याने जाताना म्हातारा दिसला. हायवेच्या कडेला मिरच्या विकायला बसला होता, मांडीवर नातू. जावई मागच्या मळ्यात पाणी सोडत होता. मी गाडी थांबवली. मनात डाचत होतं ते विचारलंच.

"काका, तुम्ही गुन्हा अंगावर घेतलात तेव्हा हा भिंतीला टेकून गप्प उभा होता. मी बोलण्यात पकडला म्हणून सापडला. तरी याला घरात ठेवलात?"

म्हातारा मिश्कील हसला. "तुमी पकडलास त्येका? साहेब, तो टिपर चालवी. वाटेर पोलिसांनी थांबयलो काय डायवराक किती खोटां बोलूचा लागता, ता तुमका ठावक. त्येका त्या दिसा खोटां बोलूक येयना झालां, असां वाटता तुमका?" नातवाच्या मुठीतली मिरची सोडवत तो पुढे म्हणाला, "घरात घाबरलो, ता खरां. पण थंय तुमच्या ठेसनार त्येका माका घरी धाडूचो होतो."

मला तो चहाचा कप आठवला. कपाकडे बघत तो गप्प राहिला होता, तेव्हाच त्याने सासऱ्याला सोडवायचं ठरवलं असणार. मी मात्र ती चौकशी माझी कमाई म्हणून कित्येकांना रंगवून सांगितली होती.

आताशा पोलीस प्रशिक्षणाच्या वर्गावर बोलायला जातो, तिथली पोरं मला चौकशीची युक्ती विचारतात. मी सांगतो, प्रश्न हुशारीने विचारा, जरूर विचारा. पण समोरचा खरं बोलला की आपली पाठ थोपटण्याआधी, तो कोणासाठी बोलला ते बघा.