आखूड हाताचा डिरेलर

सायकलच्या दुकानातल्या वहिनी रागीट नव्हत्या, पण विसरभोळ्याही नव्हत्या. नवरा गेल्यावर दुकान त्यांनीच सांभाळलं. धाकटा दीर तिथे जमणाऱ्या सायकलवाल्यांचा म्होरक्या. दरवर्षी ही टोळी घाट चढायला जाई, वहिनीही जात. टोळीचा एक नियम होता : जो घाट पॅडल मारत चढेल तोच माथ्यावरच्या फोटोत, सायकल ढकलत येणाऱ्याला जागा नाही. फोटो मग वर्षभर दुकानात टांगायचा.

मागच्या वर्षी माथा दिसू लागला आणि वहिनींची चेन तुटली. त्यांनी दिराकडे चेन जोडायचं हत्यार मागितलं.

"नाही आणलं हो वहिनी," म्हणत तो पुढे गेला.

वहिनी ढकलत वर पोचल्या तेव्हा फोटो काढून झाला होता, आणि दीर त्याच हत्याराने दुसऱ्याची चेन नीट करत होता. वर म्हणतो कसा, "आमच्या वहिनींना टेम्पोच बरा!" सगळे हसले. त्या फोटोवरची धूळ वर्षभर वहिनींनीच पुसली.

यंदा दिराला घाटासाठी हलके गिअर हवे होते. मागच्या चाकाला ताटाएवढं दातेरी चक्र बसवायचं ठरलं. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे दोन डिरेलर वहिनींनी पुढे ठेवले.

"लांब हाताचा घ्या, भावजी. एवढं मोठं चक्र लावलं की चेन कधी सैल, कधी ताठ. सैल झालेली ओढून धरायला हात लांबच लागतो."

"हे लोंबतं धूड? त्यापेक्षा हा आखूड बघा, कसा चकाकतोय!"

"त्याला चेन कापून बसवावी लागेल. मग चुकून चेन पुढच्या आणि मागच्या मोठ्या चक्रांवर एकदम पडली, तर ताणून हा मोडेल."

"चुकेल कोण? मी?"

एरवी गिऱ्हाईक निघताना वहिनी पुन्हा एकदा बजावत. त्या दिवशी नाही बजावलं. आखूड डिरेलर बसवला, वर फडक्याने पुसूनही दिला. लांब हाताचा स्वतःच्या सायकलला लावला.

घाटात बाकीचे पुढे गेले होते. शेवटच्या वळणाआधी दीर उभा दिसला. डिरेलर मोडून लोंबत होता.

"वहिनी, हत्यार आहे? माझं घरीच राहिलं."

'नाही' हा शब्द वहिनींनी वर्षभर तोंडात घोळवला होता. तो त्यांनी गिळला.

"आहे की!"

त्यांनी मोडका डिरेलर काढला, चेन आणखी कापली आणि मागच्या सगळ्यात लहान चक्रावर पक्की जोडली.

"अहो, हा तर सगळ्यात जड गिअर! त्या मोठ्यावर घाला ना!"

"तुम्हाला आखूड, नाजूक आवडतं ना, म्हणून हे निवडलं," वहिनी म्हणाल्या, आणि हत्यार पिशवीत टाकून निघाल्या. मागे दीर पॅडलवर उभा राहिला, डुगडुगला, उतरला. वहिनींचे पाय मात्र हलके फिरत होते.

माथ्यावर कॅमेरा निघाला, तशा वहिनी म्हणाल्या, "थांबा. भावजींना येऊ द्या."

सगळे थांबले. दीर घामाघूम, सायकल ढकलत वर आला. वहिनींनी कॅमेरा त्याच्या हातात दिला आणि बरोबर मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

"काढा, भावजी. आणि नीट काढा हं, वर्षभर पुसायचाय."