उस्ताच्या दारातलं पीठ

खिवा शहराच्या कोटाच्या आत कोणाकडे जेवणावळ असली की यजमानाला दोन काळज्या असत: पुलाव पुरेल का, आणि सापार उस्ता, गावातला जाणता सुतार, येईल का. पुलाव कमी पडला तर शेजारच्या कढईतून आणता येतो. उस्ता आला तर मात्र इलाज नव्हता. तो आधी ओसरीच्या खांबापाशी जायचा, बोटाच्या पेराने तो वाजवायचा, कान लावून ऐकायचा, आणि मग कमरेच्या पटक्यातून दाभण काढून भरल्या घरात खांबात खुपसायचा.

"हा खांब आहे की चाळण?" एवढं विचारून तो शांतपणे बसकणीवर बसे आणि ताटातला मांसाचा सगळ्यात मोठा तुकडा उचले.

सुताराची विद्या त्याला होती, हे कबूल केलं पाहिजे. तीन पिढ्यांचे कोरीव खांब त्याच्या घराण्याने उभे केले होते. भोकाची कड धारदार आणि आत लाकूड पांढरं असेल तर किडा अजून मुक्कामाला आहे, कड काळवंडली असेल तर बिऱ्हाड उठलं, हे तो दहा पावलांवरून सांगे. शंका असेल तर खालची जमीन झाडून कागद ठेवा आणि किड्याने पाडलेलं ताजं पीठ त्यावर आहे का ते दुसऱ्या दिवशी बघा. झाड तोडायचं ते हिवाळ्याच्या चिल्ल्यात, त्या चाळीस दिवसांत, जेव्हा थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठते. साल नखाएवढीही ठेवायची नाही. एक वर्ष कालव्यात बुडवायचं, एक वर्ष सावलीत सुकवायचं. हे सगळं तो न विचारता सांगायचा आणि ऐकणाऱ्याला ढोर समजून सांगायचा, म्हणून कोणी ऐकत नसे. भोकांवर तेलरंग फासणाऱ्या एकाला तो म्हणाला होता, "आजारी माणसाला नवा अंगरखा घातलास. छान दिसतोय. कबरीतही छान दिसेल."

गेल्या शरदात अल्लाबेरगनच्या नातवाची सुंता होती. अल्लाबेरगन उस्ताचा शाळेतला सोबती. दोघे शेजारच्या गल्ल्यांत राहत आणि एकमेकांना पाण्यात पाहत. उस्ताने साठ माणसांसमोर त्याच्या ओसरीच्या खांबात दाभण मुठीपर्यंत घातलं.

"अल्लाबेरगन, हे छप्पर खांबावर नाही उभं. तुझ्या नमाजांवर उभंय. एकही चुकवू नकोस बाबा."

लोक हसले. अल्लाबेरगनचा चेहरा उतरला. त्याची बायको बेकपोश्शा मात्र चहाची किटली घेऊन पुढे आली.

"उस्ता, शिव्या देऊन झाल्या असतील तर उपाय सांगा."

उस्ताने तुच्छतेने उपाय सांगितला, चांगला अर्धा तास सांगितला. बेकपोश्शाने किटली हातात धरून सगळा ऐकला. उस्ताचं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारी ती गावातली पहिलीच बाई.

आणि आता वसंतात हीच बेकपोश्शा पहाटे झाडू घेऊन उस्ताच्या दाराशी आली होती. मुलाच्या आईने मुलीचा उंबरा झाडला की मागणी आली. तीन पहाटे झाडायचं, तिसऱ्या दिवशी आत येऊन बसायचं, आणि होकार असेल तर मुलीच्या बापाने नान मोडायचा. अल्लाबेरगनचा धाकटा मुलगा जुमानियाझ बस चालवायचा. उस्ताची एकुलती एक तोझागुल तेवीस वर्षांची झाली होती आणि तिला तोच हवा होता. नकार गेला तर जुमानियाझसाठी शेजारच्या उरगंचची एक मुलगी बघून ठेवलेली होती, हे तिला माहीत होतं. 

"कुजक्या खांबाच्या घरात मी पोर देणार नाही," उस्ता म्हणाला.

"बाबा, लग्न खांबाशी नाहीये."

"छप्पर पडेल तेव्हा आठवेल तुला."

मुलीपुढे तो एवढंच बोलला. खरं कारण तेरा वर्षांपूर्वीचं होतं. त्याच्याही दहा वर्षं आधी, बायको गरोदर असताना, उस्ताने मुलगाच होणार असं गावभर सांगून मागच्या वाफ्यात दहा पॉपलर लावले होते. मुलगा वाढेल, झाडं वाढतील, त्यांचंच घर बांधू. झाली तोझागुल, आणि मग दुसरं मूल झालंच नाही. ती दहा वर्षांची असताना चहाखान्यात अल्लाबेरगनने सहज विचारलं, "उस्ता, त्या झाडांचं काय करणार? पोरगी घर बांधणार का?" उस्ता उठला, घरी गेला आणि दहाच्या दहा झाडं तोडून आडवी केली. महिना एप्रिल, झाडांत रस उसळलेला. कालवा नाही, सावली नाही, सोलायचा धीर नाही. त्यातल्या बऱ्या लाकडाची आठवडाभरात दाराची चौकट बनवली आणि साल भिंतीच्या बाजूला वळवून लपवली. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधत हा माणूस गावभर फिरला, आणि घरी येता-जाता रोज आपल्याच मुसळाखालून वाकून गेला. त्या चौकटीला त्याने कधी दाभण लावलं नाही.

तिसऱ्या दिवशी बेकपोश्शा आत येऊन बसली. तोझागुलने चहा ओतला. बसकणीवर नान होता, खडीसाखर होती. बेकपोश्शाने पदराआडून रुमाल काढला आणि नानाशेजारी उघडून ठेवला. रुमालात मूठभर पिवळट पीठ होतं.

"हे काय आणलंत, आपा?" उस्ताने विचारलं.

"मी कुठून आणणार? हे तुमच्याच घरचं आहे. उंबरा झाडताना सापडलं."

"सुताराच्या दारात भुसा नाही तर काय केशर सापडेल?"

"करवतीचा भुसा बोटांना टोचतो, हा चिमटीत पिठासारखा लागतो. तुम्हीच शिकवलंत, माझ्या ओसरीवर, साठ माणसांत."

"जुना असेल. वर साचलेला पडला असेल."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून पहिल्या दिवशी झाडून कागद ठेवला. काल एवढं, आज एवढं. भोकांच्या कडा बघितल्या, उस्ता. धारदार आहेत."

उस्ता उठला. त्याला राग दाखवायचा होता, पण रागाला कुठे जागा सापडेना. पटक्यातून दाभण काढून तो दाराशी गेला आणि त्याने उजव्या बाजूला खुपसलं. दाभण अर्ध्यात अडलं. त्याचा चेहरा जरा खुलला.

"बघा. घट्ट आहे."

"तिथे मेण आहे, बाबा," तोझागुल म्हणाली.

"कसलं मेण?"

"मेण आणि काजळी. दर वसंतात मी सुईने भोकांत रॉकेल सोडते आणि वरून बुजवते. सहा वर्षं झाली. खालच्या बाजूला हात पुरतो. वर पुरत नाही."

उस्ताने वरच्या आडव्या पट्टीत दाभण लावलं. जोर करावाच लागला नाही, ते मुठीपर्यंत गेलं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही लोकांच्या खांबांना भोकं पाडत होतात. मी घरी तुमची बुजवत होते. दोघांनी गावात बोलायचं तर घरात कोण राहणार?" एवढं बोलल्यावर तिचा आवाज फाटला. "बाहेरून कोणी येऊन असंच दाभण खुपसलं असतं तर तुम्ही शरमेने मेलाच असता, बाबा."

बेकपोश्शाने रुमालाची चार टोकं जुळवून गाठ मारली. "तरीच म्हटलं. आमच्या खांबाचं सडकं काढून आत गुजुमच्या टणक लाकडाचा तुकडा बसवायचा, हे जुमानियाझला सुचणं शक्य नव्हतं. तूच शिकवलंस त्याला, पोरी. त्याला बसचं चाक बदलता येत नाही. येऊन बघा, उस्ता. दाभण आणा. या वेळी वाकेल ते."

उस्ताने दाभण उपसून पटक्यात खोवलं. कानाखाली मारल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता, आणि खरं सांगायचं तर ती चपराक त्याला वीस वर्षं आधी बसायला हवी होती. मग तो येऊन बसला, नान उचलला आणि मोडला.  सापार उस्ता गप्प बसला, हे गावाने आठवडाभर एकमेकांना सांगितलं.

लग्न खरबुजं उतरल्यावर झालं. नवरीने आत जाण्याआधी विस्तवाभोवती तीन फेरे घालायचे असतात. अल्लाबेरगनने दारापुढे सुकं जर्दाळूचं लाकूड रचून ठेवलं होतं. तेवढ्यात उस्ता हातगाडी ओढत आला. गाडीवर त्याच्या दाराची अख्खी चौकट होती, उंबऱ्यासकट. त्याच्या घराच्या तोंडावर नुसतं भगदाड ठेवून आला होता तो.

"किडकं लाकूड दुसऱ्याच्या दारात आणायचं नसतं, असं तूच म्हणतोस ना?" अल्लाबेरगनला राहवलं नाही.

"जाळायचं असतं, असंही म्हणतो. तेवढं तू कधी ऐकलं नाहीस."

त्याने स्वतःच्या हाताने तुकडे विस्तवावर घातले. लाकूड आतून पोकळ, भराभर पेटलं. कोणीतरी विचारलं की हे पॉपलर कुठलं, उस्ता तर पॉपलर वापरत नाही.

"तोझागुलचं," उस्ता म्हणाला. "ती जन्मली तेव्हा लावलेलं."

विस्तवाभोवती फिरणाऱ्या तोझागुलने ते ऐकलं, आणि तिला तिसरा फेरा धड घालता आला नाही.