कॉमेडीचा सीन

मेकअपवाल्यानं माझं तोंड वर केलं, कपाळाची टिकली नखानं काढली आन् मागं वळून डायरेक्टरला म्हणाला, "सर, ही धंदेवाली वाटतच नाही."

डायरेक्टर खुर्चीतनं उठला. मला खालपास्नं वरपतूर बघितलं. म्हणाला, "लाल कर. अजून लाल कर."

बारा वर्सं मी डाळजच्या बाजूला हायवेला धंदा करते. आन् मीच धंदेवाली वाटत न्हाय!

आमी तसं नटत न्हाय कधी. एस्टीची वाट बघणाऱ्या बाईगत उभ्या राहतो. हातात डब्याची पिशवी, डोक्यावर पदर. ज्याला कळायचं त्याला कळतं, गावाला कळू द्यायचं न्हाय. माझी पोरगी बारामतीत होस्टेलला राहून नर्सिंग शिकती. तिला वाटतं, आई ढाब्यावर भाकरी थापती. तेवढ्यावरच माझं सगळं उभं व्हतं.

शूटिंगला बाया गोळा करणारा म्हणाला व्हता, खऱ्या बाया पायजेत. आमाला वाटलं, आमची हकीकत दाखवणार. येडपटच आमी. तिघींनी ठेवणीतल्या साड्या नेसल्या. आमच्यातली थोरली शकूताई, तिनं तर जाताना सगळं पाठ केलं, नवऱ्यानं कसं आणून सोडलं, पोलीस कसं वागत्यात. कुणी काय इचारलंच न्हाय. साड्या उतरवायला लावल्या आन् चमकीचे झगे दिले.

सीन असा. हिरो चुकून आमच्या खोलीत शिरतो. आमी त्याच्या अंगावर पडायचं. त्यो किंचाळत टेबलाखाली पळतो, शकूताई त्याची पँट धरून वढती आन् तोंडावर आपटती. ताईला सहा डाव आपटायला लावलं. गुडघा फुटला तिचा. लायटीवाले हसत व्हते, चहावाला हसत व्हता. आमी जन्मात कुणाला वढून नेलं न्हाय. वढून नेलं ते आमाला.

आन् मी? मी बी हसले. हसायला सांगितलं व्हतं. अजून जोरात म्हणाले, मी अजून जोरात हसले. त्याची लाज मला अजून वाटती.

पिक्चर कधी आला, मला कळलं बी न्हाय. दिवाळीला पोरगी घरी आली. दुपारी मेथी निवडत बसलो व्हतो. तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला. होस्टेलला सगळ्या पोरी ह्याच्यावर येड्या झाल्यात म्हणाली. तोच सीन. त्या लाल रंगात तिनं आईला वळखलं न्हाय. शकूताई आपटली की ती खिदळायची, मागं नेऊन परत लावायची. मग म्हणाली, "शी! कसल्या असत्यात गं ह्या बाया."

गप बसले असते तर निभावलं असतं. बारा वर्सं निभावलंच की. तिनं चौथ्यांदा लावलं, तवा मी तिचा हात धरला.

"थांबव. ती मधली मी हाय."

ती आधी हसली. मग माझ्या तोंडाकडं बघितलं आन् फोन पालथा घातला. मी सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीनं बारामतीला गेली. फोन उचलत न्हाय.

परवा त्या बाया गोळा करणाऱ्याचा फोन आला, पिक्चरचा दुसरा भाग काढत्यात म्हणून. मी येणार न्हाय म्हणलं. त्यो म्हणाला, दुसऱ्या बाया मिळत्यात. मिळतील. त्यांचा पिक्चर मला बंद करता येत न्हाय, पोरीला मागं आणता येत न्हाय. तिच्या होस्टेलच्या दारात जाऊन तिला मान खाली घालायला मी लावणार न्हाय.

पण हितनं पुढं ढाब्यावर, एस्टीत, कुठं बी, माझ्यादेखत कुणी त्या सीनला हसलं, तर मी त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहणार. ही मीच हाय, म्हणणार. मग हसावं त्यानं माझ्या तोंडाकडं बघून.