बागेतला ऐतिहासिक बाक

तारापूरच्या त्या जुन्या बंगल्याचे मालक कधीच परदेशी गेले; जाताना आपला रुबाब तेवढा रखवालदाराकडे ठेवून गेले असावेत. बंगल्याची बाग मात्र सगळ्यांना खुली होती. तिथल्या बाकावर माझी पत्नी दुखरे गुडघे चोळत बसली, की तो लांबूनच ओरडे, "उठा बाई, ऐतिहासिक हाय तो!" दुपारी मात्र तो स्वतःच त्या इतिहासावर आडवा होऊन घोरत असे.

ती वारल्यावर मी पहिल्यांदाच एकटा गेलो.

"बाई नाय आल्या?"

मी सांगितले. त्याने खांद्यावरच्या पंच्याने बाक पुसला. "बसा."

थोड्या वेळाने बाग बघायला आलेला एक पाहुणा माझ्या शेजारी टेकू लागला, तसा तो धावतच आला.

"उठा, उठा! बाईंची जागा हाय ती."