मांडवाबाहेरचा उजेड: मुखेड ते शिरूर अनंतपाळ

शांताचा फोन आला तेव्हा मी एका ब्लाऊजला हुक लावत बसले होते. शांता पूर्वी नांदेडात आमच्या शेजारी भाड्यानं राहायची, आता मुखेडला असते. तिच्या मुलाचा, गणेशचा साखरपुडा शिरूर अनंतपाळजवळच्या एका खेड्यात ठरला होता, आणि फोटो मीच काढायचे असा तिचा हट्ट. पोरगी सावळी आहे, तेवढी जरा उजळ दाखव, असंही हळूच सांगून झालं. उमरीच्या नणंदेला यायला जमणार नव्हतं, ती नुसते फोटो बघणार होती, आणि त्या नणंदेच्या जिभेला शांता लग्न झाल्यापासून भिते.

मी शिवणकाम करणारी, सातवी शिकलेली बाई. मुलानं नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना घरात पडून होता. तो हातात घेतला आणि मोबाइलवर बघून बघून शिकले. कुणी बोलावलं की जीव हरखतो. पिशवी भरली आणि निघाले.

नांदेडहून मुखेडला लोहा-कंधारकडून एसटीनं गेले. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास अगदी माहेरासारखा परवडतो. खिडकीची जागा हवी असेल तर सकाळच्या गाडीला जा. पण ऊन कोणत्या बाजूला येणार ते आधी बघून बसा. मी बघितलं नाही, आणि कंधारपर्यंत डावा कान भाजून निघाला. मुक्काम शांताकडे. सकाळी तिनं चुरमुऱ्याचा सुशीला केला होता, वर कच्चं शेंगदाण्याचं तेल. पोट भरल्यावरही मी दुसरी ताटली घेतली, हे कबूल करते.

जीपमध्ये आम्ही नऊ जण. जळकोट, उदगीर करत निघालो. उदगीरला चहासाठी थांबलो तर हॉटेलवाला एका गिऱ्हाइकाशी मराठी आणि दुसऱ्याशी कानडी, तेही एकाच दमात. गणेश बाहेर उभा राहून सारखा भांग नीट करत होता. त्याचा चुलता म्हणाला, "आरं, केस उडाले तर पोरगी न्हाई म्हनंल का आता?" जीपभर हसू झालं.

साखरपुड्याची वेळ साडेदहाची होती. माझा हिशोब असा, की अकरापर्यंत जोडप्याचे फोटो उरकायचे, म्हणजे ऊन डोक्यावर येणार नाही. पण आपल्याकडे वेळ ही पत्रिकेत छापायची गोष्ट. मुलीची ओटी भरली, आम्ही नेलेली पोपटी साडी नेसून ती परत मांडवात येऊन बसली, साखरेचा पुडा हातात दिला, अंगठ्या झाल्या, तोवर बारा वाजून गेले. एप्रिलचं ऊन. मांडवावर पिवळं-गुलाबी कापड. सावली आहे म्हणून मी खुशीत तिथंच वीसेक फोटो काढले.

मग कॅमेऱ्यात बघितले. पूजाचा, म्हणजे नवरीचा, एक गाल हळद फासल्यासारखा, दुसरा जांभळट. गणेशचं कपाळ कावीळ झाल्यागत. मांडीवर लाल कापड घेऊन शिवायला बसलं की आपले हातही लाल दिसतात, हे मला चाळीस वर्षं ठाऊक आहे. तेच मी मांडवात विसरले. मी कपाळावर हात मारला, तर पूजा मागून वाकून बघत होती.

ती आत निघून गेली. मी पाठोपाठ गेले. माळवदाच्या खोलीत, तांब्यातलं पाणी पीत, ती खाली बघूनच म्हणाली, "मावशी, एक सांगू? मला उजळ नका करू. मागच्या बारीला स्टुडिओवाल्यानं पांढरीफटक केलती. पाहुने आले, मला बघितलं, अन् म्हनले, फोटोतली पोरगी कुठाय?"

पोहे खाऊन ते लोक गेले म्हणे, परत निरोप नाही. एका बाजूला ही, दुसऱ्या बाजूला शांता, आणि तीन वाजता आमची जीप परत निघणार. माझ्या हातात दोन तास आणि डोक्यावरचं ऊन.

जे कुणी असे फोटो काढायला जाल त्यांच्यासाठी सांगते. भर दुपारी जोडप्याला उन्हात उभं केलंत तर डोळ्यांच्या जागी खड्डे दिसतात आणि नाकाखाली मिशीएवढी सावली पडते. झाडाखाली नेलंत तर तोंडावर उन्हाचे ठिपके. आणि आपल्याकडची काळी माती उजेड पिऊन टाकते, खालून काही परत देत नाही. मी हिंडून बघितलं. वाड्यामागं सोयाबीन ठेवायची पत्र्याची खोली होती, दार उत्तरेला. तिथं दारातून एक पाऊल आत उभं राहिलं की तोंडावर मऊ उजेड, मागं अंधार. फक्त डोळ्यांत चमक हवी होती. ऊन तोंडावर परतवायला पूजाच्या वडिलांकडून एक धुतलेलं पांढरं धोतर मागून घेतलं.

आता अडचण अशी, की लग्नाआधी दोघांना घरामागं एकटं कोण सोडणार? बायका कुजबुजायला लागल्या. मी शांतालाच म्हटलं, तू चल. धोतर तूच धर.

मी तिला दारासमोर उन्हात उभं केलं. धोतराचं एक टोक तिच्या हातात, दुसरं खुर्चीला बांधलेलं. थोडं खाली, थोडं तिरकं, असं सांगत गेले. धोतर वळलं तसा उजेड पूजाच्या हनुवटीवरून वर चढला आणि डोळ्यांत जाऊन बसला. सावळा रंग तसाच, पण तांब्याच्या घासलेल्या भांड्यासारखा जिवंत. गणेश तिच्याकडे बघतच राहिला, कॅमेऱ्याकडे बघ म्हणून मला दोनदा सांगावं लागलं.

शांताला घाम फुटला होता. मी म्हटलं, दमलीस तर ठेव खाली. ती पूजाकडे बघत होती. म्हणाली, "न्हाई अक्का, तू काढ. म्या धरून राह्यले." मग पूजालाच, जरा दटावून, "वर बघ की गं. कामून मान खाली घालतीस?"

पूजा वर बघून हसली. तो फोटो मला मिळाला.

तीनची जीप साडेतीनला सुटली. मला लातूरला बहिणीकडे जायचं होतं म्हणून मी शिरूरला उतरून एसटी धरली. निघताना पूजाच्या आईनं बुंदी आणि वांग्याची भाजी डब्यात दिली, डबा परत द्यायला यायचंच असं बजावून. लातूरहून नांदेडला अहमदपूरवरून गाड्या भरपूर आहेत, ताटकळावं लागत नाही. दुपार मात्र टाळा.

घरी आल्यावर फोटो मोठ्या पडद्यावर बघितले. उजळ करायची ती पट्टी तिथंच असते, बोटानं जराशी सरकवली की माणूस बदलतो. मी तिला हात लावला नाही. फोटो जसे होते तसे शांताला पाठवले, आणि फोनची वाट बघत बसले. इतकी वर्षं सांभाळलेली मैत्रीण, आणि तिनं मागितलेली एकच गोष्ट मी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. नणंदेनं फोटो बघून लगेच विचारलं होतं, की पोरगी काळी आहे काय गं, का फोटोवालीनं अंधारात काढले?

मी विचारलं, मग तू काय म्हणालीस?

"म्हनलं, सावळी हाय, अन् लई गोड हाय. उजेड म्या सोता धरला व्हता, मला इचारा."