सकाळ वजा दुपार

माझी धाकटी बहीण संचिता आमच्याबरोबर शहाडला राहते आणि कल्याणच्या एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. गेल्या वर्षापर्यंत ती विश्वाचा जन्म तपासत होती. हे सांगितलं की लोक माझ्याकडे असे बघतात, जसा काही मी सकाळी सकाळीच घेऊन आलोय.

विश्व तान्हं होतं तेव्हाची ऊब अजून आभाळभर उरलेली आहे, अगदी क्षीण. काही शास्त्रज्ञांचं म्हणणं, विश्व पहिल्याच क्षणात एकदम फुगलं; तसं झालं असेल तर त्या उबेत एक बारीक पिळदार नक्षी सापडायला हवी. संचिताचे सर ती शोधत होते. दुर्बीण परदेशातल्या वाळवंटात, सर मुंबईच्या एका संस्थेत, आणि आमची बाई त्यांच्या हाताखाली कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी नेमणुकीचं नवं पत्र. नक्षी सरांची, हिच्या वाट्याला वजाबाक्या.

म्हणजे असं. आभाळाच्या एकाच तुकड्याचे दोन नकाशे करायचे, एक सकाळच्या नोंदींचा, एक दुपारच्या. एकातून दुसरा वजा करायचा. ती जुनी ऊब काही सकाळ-दुपार बदलत नाही, तेव्हा उत्तर शून्यच यायला हवं. काही उरलंच, तर ते आभाळाचं नाही, आपल्या यंत्राचं. अशा चौदा वजाबाक्या आधीच ठरलेल्या. चौदाही पास झाल्याशिवाय खरा निकाल उघडायचा नाही आणि प्रत्येकीखाली करणाऱ्याने सही करायची. आई विचारायची, "आज काय मिळालं गं?" ही खुशीत सांगायची, "शून्य."

तेरा पास झाल्या. सकाळ वजा दुपार काही शून्य येईना.

"उन्हाने यंत्र तापतंय, सर," ती म्हणाली. सर म्हणाले, खराब दिवस काढून टाक, येईल. तिने दिवस काढले, आणखी काढले. शेवटी नोंदी इतक्या थोड्या उरल्या की त्यांत फरक असला तरी दिसेनासाच झाला. सरांनी त्यालाच शून्य म्हटलं. खऱ्या निकालात मात्र ते सगळे दिवस तसेच ठेवायचे होते. त्याच बैठकीत सरांनी सांगितलं, जूनमध्ये तुझं पीएचडीचं रजिस्ट्रेशन करून टाकू.

ती दोन दिवस जेवली नाही. "दादा, हे बरोबर नाहीये रे," म्हणाली. मी काय म्हणालो? "अगं कर ना सही! एवढे मोठे साहेब, ते येडे आहेत काय? आपल्या घरात कधी डॉक्टर झालंय कोण? तुझ्या एका वजाबाकीने काय होणारे?"

तिने सही केली. निकाल जाहीर झाला, सर टीव्हीवर आले, जूनमध्ये रजिस्ट्रेशनही झालं. मी आख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले.

आठ महिन्यांत दुसऱ्या गटाने दाखवून दिलं की ती नक्षी आभाळाची नव्हतीच, दुपारच्या उन्हाने तापलेल्या यंत्राची होती. सरांनी दुरुस्तीचा लेख छापला. त्यात लिहिलं होतं, सकाळ-दुपारची चाचणी प्रकल्प सहायक संचिता कांबळे यांनी केली व उत्तीर्ण म्हणून प्रमाणित केली. मूळ लेखातल्या एक्केचाळीस नावांत ती कुठेच नव्हती. रजिस्ट्रेशन रद्द झालं, नवं पत्र आलं नाही. सर आहेत तिथेच आहेत.

परवा मी पुन्हा भडकलो. "चोर सोडून संन्याशाला फाशी दिली साल्यांनी!"

ती क्लासचे पेपर तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "संन्यासी कुठला, दादा? शून्य आलं नव्हतं, हे मला माहीत होतं. सही मीच केली."

सही कर म्हणून घरात कोण मागे लागलं होतं, ते तिने अजून एकदाही बोलून दाखवलेलं नाही. मी सरांना रोज शिव्या घालतो. ती ऐकून घेते.