दाजींनी मजबूत केलेलं व्हायोलिन

अत्यंत दुःखाने कळवण्यात येते की, एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये जन्मलेले आणि आजवर देव जाणे किती नवशिक्या वादकांना पुरून उरलेले एक व्हायोलिन अल वक्रातल्या एका फ्लॅटमध्ये, पाहुण्यांच्या देखत वारले. मृत्यूचे कारण : मजबुती. अंतसमयी माझे मेहुणे उशाशी होते. कतारमधल्या समस्त मराठी मंडळींनी दोन मिनिटे गप्प राहावे. मेहुणे जरा जास्त वेळ राहिले तरी चालेल.

मेहुणे म्हणजे माझ्या ताईचे यजमान. आम्ही नाशिककडचे, मी त्यांना दाजी म्हणतो. दाजी गॅसच्या कारखान्यात गळती थांबवणाऱ्या खात्याचे प्रमुख आहेत. जगात कुठेही फट दिसली की त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते मी त्यांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

ऑफिसच्या ट्रेनिंगला फ्रान्सला गेले असताना त्यांनी हे व्हायोलिन आणलं. आत कारागिराच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली होती. ते नाव मी इथे देत नाही. दाजींनी प्रत्येक पार्टीत, ओठांचा चंबू करून आणि नाकातून, ते इतकं वापरलंय की त्या नावाला आता विश्रांती हवी. नावापलीकडे त्यांना त्या माणसाबद्दल काडीची माहिती नव्हती. आमचे पाहुणेही असे गुणग्राहक की चिठ्ठी वाचूनच माना डोलवायचे. वाजवून दाखवा, असं एकानेही कधी म्हटलं नाही.

मी मात्र हौसेने वाचलं. फ्रान्सच्या पूर्वेकडच्या ज्या गावात हा माणूस वाढला तिथे घरोघरी व्हायोलिनंच बनत. पुढे पॅरिसला जाऊन त्याने दुकान थाटलं. जुनी इटालियन व्हायोलिनं दुरुस्तीला आली की तो ती उघडायचा, फळ्यांची जाडी मोजायचा आणि तशीच नवी घडवायचा. पण मला भुरळ पडली ती त्याच्या गोंदाची. वरची फळी तो कातडं उकळून केलेल्या सरसाने चिकटवायचा, आणि तोही मुद्दाम पातळ करून. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. फळी आकसली की सरस मुकाट्याने सुटतो, कडेला फट पडते आणि फळी वाचते. मग गरम सरस भरायचा, शिकंजे लावायचे, काम झालं. ताण आला तर हार कुणी मानायची, हे त्याने आधीच ठरवून टाकलं होतं. गोंदाने.

दाजींच्या घरातही हार कुणी मानायची हे ठरलेलं आहे. ताईने.

शाळेच्या कॉन्सर्टमध्ये भाचीला एकटीने वाजवायचं होतं. तिचं लहानपणचं व्हायोलिन आता तिला पुरत नव्हतं, म्हणून बरीच मनधरणी करून तिने हे मिळवलं होतं. कार्यक्रम आठवड्यावर आला आणि व्हायोलिन गुणगुणायला लागलं.

"बाबा, इट्स बझिंग," ती म्हणाली. भाचीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं.

दाजींनी बोट फिरवलं. खालच्या कडेला फट होती. चेहऱ्यावर ते तेज आलं.

"लीक," ते म्हणाले.

"दाजी, तिथे फट पडायचीच असते," मी म्हटलं. "अल थुमामाला हिच्या टीचर आहेत ना, त्या सरस लावून देतील."

"सरस? कातडं उकळून? अरे, बिचाऱ्याच्या काळात इपॉक्सी नव्हतं, त्याला तो काय करणार. तू करू नकोस आता त्याची वकिली."

"अहो, पोरीचा कार्यक्रम आहे," ताई म्हणाली. "टीचरना विचारा तरी."

"टीचरनी कधी पाइपलाइन जोडलीये?"

इपॉक्सीच्या वासामुळे ताईने दाजींना गॅलरीत हाकललं, तेवढाच तिचा विजय. सप्टेंबरची समुद्रावरची हवा इतकी दमट की दाजी सारखा चष्मा पुसत होते. त्या हवेत फळी फुगली होती, फट जवळजवळ मिटली होती. दाजींनी ती भरलीच, वर अख्ख्या कडेच्या जोडात पातीने ते दगडासारखं घट्ट होणारं इपॉक्सी घातलं. फट नव्हती तिथेसुद्धा. "प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स," ते मला म्हणाले. ते सुकेपर्यंत व्हायोलिन गॅलरीतच पडून होतं.

मग ते हॉलमध्ये आलं. दाजींच्या हॉलमधला एसी हवा इतकी गार आणि कोरडी करतो की पाहुण्या बायका शाली घेऊन येतात. भाची रोज त्यावर सराव करत होती. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी दाजींनी मंडळी बोलावली, मुलीचं वाजवणं ऐकायला म्हणून. ती गज हातात घेऊन उभी होती आणि दाजी जोड दाखवत फिरत होते.

"ओढा, बिनधास्त ओढा. शंभर वर्षं हलणार नाही."

सोफ्यावरच्या एका गृहस्थांनी खरंच नख लावून पाहिलं आणि वा वा केलं. व्हायोलिन भाचीच्या हाती आलं. तिने ते हनुवटीखाली धरलं, एक लांब सूर काढला, आणि वाळलेली शेंग फुटावी तसा आवाज झाला. तारांखालच्या घोडीच्या पायाशी सुरू झालेली चीर सरळ खालपर्यंत गेली होती.

मंडळी वेफर्सच्या बशीकडे पाहू लागली. ताईने लगेच टीचरना व्हिडिओ कॉल लावला. टीचरनी चीर पाहिली, मग कडेचा तो चकाकता थर पाहिला आणि क्षणभर डोळे मिटले. चीर सांधायला फळी उतरवावी लागते, त्या म्हणाल्या, आणि ही फळी आता तुकडे झाल्याशिवाय उतरणार नाही.

दाजींनी व्हायोलिन हातात घेतलं. चिरेकडे बघितलंसुद्धा नाही. अंगठा कडेवरून फिरवला, सगळीकडून, सावकाश.

"जोड बघा," ते मंडळींना म्हणाले. "जागचा हललेला नाही. लाकूडच हलक्या प्रतीचं वापरलंय, त्याला मी काय करणार?"

भाचीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज ठणठणीत होता. आणि आयुष्यात पहिल्यांदाच, अख्ख्या हॉलसमोर, तिच्या तोंडून शुद्ध मराठी बाहेर पडलं :

"बाबा, मग परवा मी तुझा जोडच वाजवू का?"